पंचवीस वर्षांची हमी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाश्वत वीजनिर्मिती आणि पर्यावरणासाठी नवे पदार्थ : आजचं संशोधन'. पत्रिकेवर हे छापलेलं पाहून आपल्या ग्रुपवर तिघांनी लगेच विचारलं की जेवण भाषणाच्या आधी आहे की नंतर. नंतर आहे. तेव्हा विषय मी माझ्या सोयीने आणि तुमच्या भुकेच्या मानाने जरा लहान करून घेते.

मी सौर पॅनेल बनवत नाही आणि विकतही नाही. मी ती बिघडवते. चाचणी-प्रयोगशाळेत गेली एकोणीस वर्षं माझं काम हेच आहे. नवंकोरं पॅनेल घ्यायचं, ते दमट भट्टीत उकडायचं, शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत गोठवायचं, पुन्हा तापवायचं, मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, गारांच्या ऐवजी बर्फाचे गोळे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने काचेवर मारायचे आणि एवढं सोसून त्यातून किती वीज निघते ते मोजायचं. माझ्या सासूबाई शेजारच्यांना सांगतात, 'आमची सून मोडतोड खात्यात आहे.' वर्णन बरोबर आहे.

मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका मैत्रिणीचा फोन आला. नाव सांगत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून मोबाईल बघते आहे. वाशीतल्या तिच्या सोसायटीत गच्चीवर पॅनेल बसवायची की नाही यावरून सर्वसाधारण सभेत चांगलंच वाजलं होतं. विक्रेत्याने पंचवीस वर्षांची हमी लेखी दिली होती. तो कागद हातात धरून सोसायटीचे सचिव उभे राहिले आणि म्हणाले, 'पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची आहे, ते ठीक. पण आपली इमारत पंचवीस वर्षं उभी राहणार आहे का?' सभा तहकूब.

सचिवांचा प्रश्न मला फार आवडला. आपल्या विषयात रोज नवे विक्रम छापून येतात. अमुक विद्यापीठाने इतक्या टक्क्यांचा सेल केला, तमुक देशात अशी भुकटी सापडली की जी कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. टक्के छापून येतात. ती वस्तू किती वर्षं टिकली हे कुणी छापत नाही, कारण ते कळायला तितकीच वर्षं लागतात. म्हणून आज फक्त टिकण्याविषयी बोलते. या संशोधनातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे आणि सगळ्यात कंटाळवाणाही.

पंचवीस हा आकडा आला कुठून? सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल १९५४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये झाला. प्रकाशातली जवळपास सहा टक्के ऊर्जा तो विजेत बदलायचा. पुढची वीस वर्षं तो मुख्यतः उपग्रहांवर वापरला गेला. तिथे पाऊस नाही, कावळे नाहीत, गच्चीवर पापड वाळत घालणारं कुणी नाही. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि हे सेल जमिनीवर आणायचे ठरले, तेव्हा पॅनेल मरायला लागली. पाणी आत शिरायचं, जोड तुटायचे, गारांनी काच फुटायची. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने १९७५ ते १९८६ या काळात एक मोठा प्रकल्प चालवला. कारखान्यांकडून गठ्ठ्याने पॅनेल विकत घ्यायची, छळायची, कुठे मोडतात ते कारखान्याला सांगायचं आणि पुढचा गठ्ठा मागवायचा. आज मी ज्या चाचण्या घेते त्यांची मुळं तिथे आहेत. कुणाला त्यात नोबेल मिळालं नाही. पण आधी जेमतेम काही वर्षांची असलेली हमी टप्प्याटप्प्याने दहा, वीस, पंचवीस अशी वाढत गेली, ती या कामामुळे.

आता गंमत ऐका. आंतरराष्ट्रीय मानकातली माझी सगळ्यात कडक चाचणी म्हणजे पंच्याऐंशी अंश तापमान, पंच्याऐंशी टक्के आर्द्रता आणि एक हजार तास. एक हजार तास म्हणजे बेचाळीस दिवससुद्धा पूर्ण होत नाहीत. बेचाळीस दिवसांच्या छळावरून पंचवीस वर्षांचं भविष्य सांगायचं! ज्योतिषापेक्षा बरं आहे, कारण उष्णतेने रासायनिक क्रिया किती वेगाने होतात याचं गणित आहे. तरी ही चाचणी मुळात लवकर मरणारी पॅनेल बाजूला काढण्यासाठी आहे. ती पास झाली म्हणजे पॅनेल पंचवीस वर्षं जगेलच असं प्रमाणपत्र मी देत नाही. कुणीच देऊ शकत नाही. हमी देतो तो कारखाना, आणि तो कारखाना पंचवीस वर्षं जगेल का, हा सचिवांच्या प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे.

पॅनेलमध्ये असतं तरी काय? वजनाने बघितलं तर सत्तर टक्क्यांहून जास्त नुसती काच. मग ॲल्युमिनियमची चौकट. सिलिकॉन फार तर चार-पाच टक्के. आणि काच, सिलिकॉन आणि मागचा पडदा यांना चिकटवून ठेवणारा एक पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो, त्याला ईव्हीए म्हणतात. तुमच्या पायातल्या स्लिपरचा मऊ तळ असतो ना, तेच कुळ. सौर पॅनेलचं आयुष्य बहुतेक वेळा या स्लिपरवाल्या थरावर ठरतं, सिलिकॉनवर नाही. सिलिकॉन दगडासारखं आहे, त्याला काही होत नाही. ईव्हीए मात्र ऊन आणि दमटपणा यांनी हळूहळू पिवळं पडतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. म्हणजे व्हिनेगर. आमच्याकडे जुनं पॅनेल फोडलं की कधीकधी चायनीजच्या गाडीसारखा वास येतो. ते आम्ल सेलवरच्या चांदीच्या बारीक रेघा आणि जोड खात बसतं. कॅलिफोर्नियात कॅरिझोच्या मैदानावर १९८०च्या दशकात मोठं सौर केंद्र उभारलं होतं. जास्त वीज मिळावी म्हणून बाजूला आरसे लावले होते. आरशांनी ऊन वाढलं, उष्णता वाढली आणि ईव्हीए तपकिरी पडलं. केंद्र पुढे मोडीत काढावं लागलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. कागदावर पॅनेलची क्षमता लिहितात ती सेल पंचवीस अंशांवर असताना मोजलेली. नवी मुंबईत मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या पॅनेलमधला सेल साठ अंशांच्या पुढे सहज जातो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असताना बारा-चौदा टक्के वीज नुसत्या उष्णतेने गेली. ती संध्याकाळी परत येते, त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते हळूहळू झिजण्याचं. आपल्याकडे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, खाडीची खारी हवा, पारसिकच्या डोंगरातल्या खाणींनी वर्षानुवर्षं उडवलेली धूळ, आता बांधकामांची धूळ, आणि तळोजा, तुर्भे, रबाळे इथल्या कारखान्यांच्या हवेत जे काही असेल ते. सिडकोच्या घरांची गळती ज्यांनी लहानपणी बादल्या लावून बघितली आहे, त्यांना पाणी कुठूनही वाट काढतं हे मी वेगळं सांगायला नको.

याचा हिशोब कुणी केला आहे का? केला आहे आणि इथून जवळच, पवईला. आयआयटी मुंबईत २०१० पासून सौर विजेवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्या लोकांनी गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने देशभर फिरून बसवलेली पॅनेल तपासली. २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ अशी चार वेळा. लडाखच्या थंडीपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत. दिवसा वीज मोजली आणि अंधार पडल्यावर पॅनेलला उलट बाहेरून वीज देऊन त्याचा फोटो काढला. सेलला वीज दिली की तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो, खास कॅमेऱ्यात तो दिसतो आणि जिथे तडा आहे तिथे काळी रेघ उमटते. हाडाच्या एक्स-रे सारखं. हे काम म्हणजे रात्री गच्चीवर डास मारत उभं राहायचं काम आहे, पण आपल्या देशात सौर विजेवर झालेल्या सर्वांत उपयोगी संशोधनात मी ते धरते.

त्यातून दोन गोष्टी ठळक निघाल्या. एक अपेक्षित होती : उष्ण प्रदेशात पॅनेल थंड प्रदेशापेक्षा लवकर झिजतात. दुसरी जास्त बोलकी होती. मोकळ्या मैदानावरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या आणि गच्चीवरच्या प्रकल्पांतली पॅनेल जास्त वेगाने झिजत होती. मोठा प्रकल्पवाला माल तपासून घेतो, बसवताना देखरेख ठेवतो. गच्चीवर मात्र माल स्वस्तातला येतो, जिन्यातून डोक्यावर वाहून नेतात, बसवणारे त्याच्यावर पाय देऊन पुढचा स्क्रू पिळतात. वरून काच शाबूत दिसते, आत सेलला केसासारखे तडे गेलेले असतात.

फरक किती पडतो ते बघा. वर्षाला ०.८ टक्के झीज धरली तर पंचवीस वर्षांनी ब्याऐंशी टक्के वीज उरते. वर्षाला दोन टक्के धरली तर साठ. आकडा छोटा दिसतो म्हणून कुणी विचारत नाही. पण त्या जास्तीच्या बावीस टक्क्यांचे पैसे सोसायटीने आधीच मोजलेले असतात.

तर तिसऱ्या रांगेसाठी, आणि ज्यांच्या सोसायटीत हाच वाद चालू आहे त्या सगळ्यांसाठी, माझं मत सांगते. सामाईक दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्यासाठी गच्चीवर सौर वीज घेणं फायद्याचं आहे. आपल्याकडे एक किलोवॉटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात ते बरंच खाली येतं, हे विक्रेता सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे अठरा हजार रुपये अनुदान आहे. पण आधी इमारतीचं संरचनात्मक ऑडिट बघा. पुनर्विकासाला निदान आठ-दहा वर्षं असतील तर बसवा, पैसे त्याच्या आत वसूल होतात. दोन-तीन वर्षांत बिल्डरशी करार व्हायचा असेल तर थांबा. आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल, उलटं केलंत तर दोन्हींचा खर्च दोनदा होईल. हमीपत्रात दोन वेगळ्या हम्या असतात त्या वेगवेगळ्या वाचा : वीज किती निघेल याची पंचवीस वर्षांची आणि वस्तू म्हणून पॅनेल नीट राहील याची, जी बहुधा दहा-बारा वर्षांची असते. इन्व्हर्टरची तर त्याहून कमी. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का ते लेखी मागा. आणि बसवताना कमिटीतला एक माणूस गच्चीवर खुर्ची टाकून बसवा. तो काही न बोलता नुसता बसला तरी पॅनेलवर पाय पडत नाहीत.

आता नव्या पदार्थांकडे वळते, कारण पत्रिकेवर तसं छापलं आहे.

सौर क्षेत्रात सध्या ज्याची सर्वांत जास्त चर्चा आहे तो पेरोव्स्काइट. मूळ खनिज १८३९ साली उरल पर्वतात सापडलं आणि पेरोव्स्की नावाच्या रशियन सरदाराचं नाव त्याला मिळालं. योगायोग असा की प्रकाशाने वीज तयार होते हे बेकेरेल या फ्रेंच तरुणाने दाखवलं तेही १८३९ सालीच. या दोघांची गाठ पडायला एकशे सत्तर वर्षं लागली. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांनी तशाच रचनेचा, शिसं आणि आयोडीन असलेला कृत्रिम पदार्थ सेलमध्ये वापरला. मिळाले ३.८ टक्के आणि सेल काही मिनिटांत विरघळून गेला. आज हाच पदार्थ एकट्याने पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला आहे. सिलिकॉनला इथवर यायला अर्धं शतक लागलं होतं.

सिलिकॉन शुद्ध करून वितळवायला चौदाशे अंशांहून जास्त तापमान लागतं. पेरोव्स्काइट शाईसारखं ओतून शंभर-दीडशे अंशांवर वाळवता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते सिलिकॉनच्या डोक्यावर बसवता येतं. दुमजली घर समजा. वरच्या मजल्यावर पेरोव्स्काइट निळा-हिरवा प्रकाश घेतं, तांबडा आणि त्यापलीकडचा खाली सिलिकॉनकडे सोडतं. एकट्या सिलिकॉनची तात्त्विक मर्यादा साडेएकोणतीस टक्क्यांच्या आत आहे. दुमजली सेलने २०२४ मध्ये चीनमध्ये ३४.६ टक्के गाठले. पवईला दिनेश काब्रा यांच्या गटाने असा जोडसेल तीस टक्क्यांच्या जवळ नेला आहे. तो आपल्या ठाणे-मुंबईच्या हवेत जन्मलेला सेल आहे, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं.

मग अडलं कुठे? पाण्याशी. हा पदार्थ मिठासारखा आहे. दमट हवा लागली की त्याची रचना सुटते, उष्णतेने त्यातले अणू जागा बदलतात, आणि फुटलं तर त्यातलं शिसं पाण्यात उतरू शकतं. म्हणून आज खरी चुरस टक्क्यांची उरलेली नाही. काचेच्या कडेला कोणतं रबर लावायचं, वरून कोणता थर द्यायचा, फुटल्यावर शिसं जागच्या जागी पकडून ठेवणारा पदार्थ कोणता, अशा कामांत शेकडो तरुण मुलंमुली बसली आहेत. त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत. विक्रमाचा सेल नखाएवढा असतो, हेही लक्षात ठेवा. नखापासून दरवाजाएवढं करायचं आणि ते आपल्या जुलैत उभं करायचं, यात अजून बराच पल्ला आहे. मला कुणी विचारलं, 'पेरोव्स्काइट येईपर्यंत थांबू का?' तर मी नाही म्हणेन. साधं सिलिकॉन घ्या, पण नीट बसवून घ्या.

पाण्यावरून दुसरी गोष्ट आठवते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली होती. जगभर फोटो गेले. कारखान्याच्या रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं, आवारात खायला शोधत फिरणारी भटकी कुत्री त्या रंगात माखली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला, आंघोळीने आणि पावसाने कुत्र्यांचा रंग उतरला, बातमी संपली. आपण तर या पट्ट्यातच वाढलो. आपल्यातल्या निम्म्यांचे वडील ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांत पाळीला जायचे, त्यावर आपल्या फिया भरल्या गेल्या. वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या बंद करायला बाई सांगायच्या. त्यामुळे मी त्या कारखान्यांना नुसत्या शिव्या देऊ शकत नाही. मला प्रश्न असा पडतो की त्या पाण्यातून रंग पकडणारी, आम्लात आणि अल्कलीत उकळली तरी न मोडणारी गाळणी करता येईल का.

त्याचा एक धागा पुण्यात सापडतो. २००५ मध्ये अमेरिकेत ओमार याघी यांच्या गटाने एक नवा प्रकार केला : साध्या सेंद्रिय रेणूंचे तुकडे जोडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सलग जाळी. छिद्रं रेणूच्या मापाची आणि सगळी सारखी. दिसायला अप्रतिम, पण पाणी लागलं की त्यांचे सांधे सुटायचे. पाण्याला घाबरणारी गाळणी काय कामाची? २०१२ मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर तोड काढली.

ती तोड समजायला फरशी बसवणारा गवंडी डोळ्यांपुढे आणा. सिमेंट ओलं असताना तो फरशी सरकवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो, ओळंब्यात आणतो. मग सिमेंट घट्ट होतं आणि फरशी हलत नाही. जाळी सुबक व्हायची तर जोडणी आधी सुटणारी हवी, म्हणजे चुकलेला तुकडा निघून परत नीट बसतो. पण सुटणारी जोडणी पाण्यातही सुटते. बॅनर्जींच्या गटाने अशी रेणूंची जोडी निवडली की पहिली पायरी उलट फिरू शकते आणि दुसऱ्या पायरीला रेणू आतल्या आत असा पालटतो की दार बंद होतं. ओलं सिमेंट आणि पक्कं सिमेंट, एकाच भांड्यात, एकामागून एक. तयार झालेल्या दोन्ही जाळ्या उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लात टिकल्या, त्यातली एक तीव्र अल्कलीतही. पुढे त्याच गटाने अशा जाळ्यांचे पडदे करून द्रावणातले रंग वेगळे करून दाखवले. बॅनर्जी यांना २०१८ चं भटनागर पारितोषिक मिळालं आणि ते आता कोलकात्याच्या आयसरमध्ये आहेत. आज जगात या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ती पाषाणची युक्ती माहीत असते. पुणेकरांना माहीत आहे की नाही, ते पुणेकरांनी सांगावं.

याच कुळातली दुसरी शाखा, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांची, तिला गेल्या वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. किटागावा, रॉबसन आणि तेच याघी. घोषणा झाली ८ ऑक्टोबर २०२५ ला. त्याच दिवशी आपल्या विमानतळाचं उद्घाटन होतं, त्यामुळे नवी मुंबईत तरी ती बातमी कुणी वाचली नसेल. या जाळ्यांच्या दोन-चार ग्रॅम भुकटीच्या आतल्या भिंती उलगडल्या तर फुटबॉलचं मैदान झाकेल. तिथेही गोष्ट तीच. १९८९ मधली रॉबसन यांची पहिली रचना सहज कोसळायची. याघींची १९९९ मधली प्रसिद्ध जाळी तीनशे अंश उष्णता सोसायची, पण दमट हवेत बिघडायची. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या लोकांनी जस्ताची एक जाळी केली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोकळ्यांच्या मानाने ती काही विक्रमी नाही. पण वाफ सोसते. सिमेंटच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड पकडायच्या कामावर लागली ती हीच.

जुन्या पॅनेलचं काय, असं जाधव सरांच्या जागी आलेल्या नव्या विज्ञान शिक्षकांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांमध्ये सौर पॅनेल आता आली आहेत, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. काच आणि ॲल्युमिनियम सुटं करणं सोपं, ते भंगारवालाही करतो. चांदी आणि सिलिकॉन काढायला तो स्लिपरवाला थर सोडवावा लागतो आणि तिथेच खर्च येतो. वीस वर्षं सुटू नये म्हणून चिकटवलेली वस्तू एकविसाव्या वर्षी सहज सुटावी, अशी अपेक्षा आहे. यावर काम चालू आहे, पण आपल्याकडे ते उशिरा सुरू झालं असं माझं मत आहे.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या बॅचने शाळेसाठी जमवलेल्या निधीतून डिजिटल फळा घ्यावा असं बहुमत दिसतं. फळ्याला माझा विरोध नाही. त्यातले पंधरा हजार रुपये मला हवे आहेत. चाळीस वॉटची तीन छोटी, एकाच बनावटीची पॅनेल घ्यायची. दोन शाळेच्या गच्चीवर लावायची. एक दर आठवड्याला धुवायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिसरं प्रयोगशाळेच्या कपाटात काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आभाळ मोकळं असेल तेव्हा, नववीच्या मुलांनी ते कपाटातलं काढून बाकीच्या दोघांशेजारी ठेवायचं आणि तिन्हींचे व्होल्ट आणि अँपियर साध्या मल्टिमीटरने मोजायचे. कपाटातलं पॅनेल म्हातारं होत नाही, त्यामुळे ऊन कमीजास्त असलं तरी तुलना बरोबर निघते, महागडं उपकरण लागत नाही. खाडीकाठच्या एकाच गच्चीवरची सलग दहा-पंधरा वर्षांची अशी नोंद हाती आली तर ती माझ्यासारख्यांना फार मोलाची आहे, आणि मुलांनी घेतलेली आहे म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

मुख्याध्यापक बाईंशी बोलले आहे, गच्चीची किल्ली द्यायला त्या तयार आहेत. मल्टिमीटर माझ्याकडून. वही आणली आहे, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत : तारीख, वेळ, हवा, धुतलेलं, न धुतलेलं, कपाटातलं आणि शेवटी शेरा.